रोजच्या टर्बो गाडीला कमी खर्चात इंटरकूलर: आधी मोजणी, मग खरेदी

टर्बो इंजिनासाठी हवा दाबतो आणि दाबताना ती तापते; ती आत जाण्याआधी गार करतो तो इंटरकूलर. टर्बो गाडीला मोठा इंटरकूलर हवा असं एकदा मनात आलं की लोक थेट खरेदीला लागतात आणि तिथेच फसतात. फोटोत सगळ्यांत दणकट दिसणारा कोअर, म्हणजे इंटरकूलरची मुख्य जाळी, मागवायचा. तो बसत नाही म्हणून बंपरमागचा क्रॅश बार कापायचा, उरलेल्या फटीत पाइप कोंबायचे. मग पर्वरीच्या कोंडीत एसी गार हवा देईना म्हणून गॅरेजच्या खेपा घालायच्या. वर गाडी पूर्वीपेक्षा उशिरा ओढ घेते ते वेगळंच. गोव्यात हे इतक्या वेळा बघायला मिळतं, की चूक कोअरच्या निवडीत कमी आणि कामांच्या क्रमात जास्त आहे, हे ठामपणे सांगता येतं.

हा लेख रोज कामावर नेणाऱ्या आणि सुट्टीला बेळगावची फेरी मारणाऱ्या गाडीसाठी आहे. इंजिन १ ते १.५ लिटरचं, टर्बो कंपनीचाच, फार तर सौम्य रिमॅप (इंजिनच्या संगणकाच्या सेटिंगमधला बदल) झालेला, एवढं गृहीत धरलं आहे. ट्रॅकवरच्या गाडीचे हिशेब वेगळे असतात, ते इथे नाहीत.

सुरुवातीलाच एक इशारा: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचा बदल त्यात मोडतो का, हे गॅरेजवाल्याला विचारू नका. परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरलाही.

टप्पा १: गाडीत कोणता इंटरकूलर आहे ते डोळ्यांनी बघा

इंटरकूलर दोन जातींचे. एकात समोरून येणारा वारा हवेला गार करतो, दुसऱ्यात कूलंटचं पाणी. बॉनेट उघडा आणि टर्बोमधून निघालेला जाड पाइप कुठे जातो ते बोटाने माग काढत बघा. तो खाली बंपरच्या दिशेने किंवा फेंडरच्या पोटात गेला तर वाऱ्याचा इंटरकूलर आहे. इंजिनच्या अंगालगत वळून थेट मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागाकडे) गेला आणि तिथे कूलंटचे दोन बारीक होज दिसले, तर पाण्याचा.

फोक्सवॅगन समूहाच्या ईए२११ घराण्यातल्या टीएसआय इंजिनांमध्ये पाण्याचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डजवळच बसवलेला असतो. अशा गाडीला समोर वाऱ्याचा कोअर लावणं म्हणजे सगळी रचनाच बदलणं, ते कमी खर्चात होत नाही. तुमची गाडी या जातीची असेल तर तीन गोष्टी करा: टाकीतली कूलंटची पातळी तपासा, सर्किटमधली हवा नीट काढून घ्या, आणि त्या सर्किटचा छोटा इलेक्ट्रिक पंप चालतो का ते बघा. बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. इथून पुढचा भाग वाऱ्याच्या इंटरकूलरसाठी आहे.

टप्पा २: आहे तो इंटरकूलर धड आहे का?

नवा कोअर आणण्याआधी जुन्याची अवस्था बघायलाच हवी. हा टप्पा टाळणारे लोक खरं तर एका फाटक्या होजचा इलाज हजारो रुपयांच्या कोअरने करत असतात.

बंपर काढा. काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून काही मिनिटं थांबा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा धक्का ओळखणारा सेन्सर पुढच्या भागातच असतो. आता टॉर्च धरून कोअरची जाळी जवळून बघा. उसगाव, साखळी, कुडचडे या बाजूला रोज जाणारी गाडी असेल, तर पत्त्यांच्या, म्हणजे जाळीतल्या पातळ पट्ट्यांच्या, मधे तांबड्या मातीचा थर बसलेला दिसेल. त्यात किडे, सुकी पानं आणि तेलाचा ओशटपणा मिसळून त्याची पापडी झालेली असते. नखाने खरवडली तर ती तुकड्याने निघते. अशा जाळीतून वारा जात नाही आणि मग कोअर कितीही मोठा असला तरी उपयोग नसतो.

धुताना प्रेशर वॉशर लांब ठेवा. जवळून मारलेल्या झोताने पत्ते लवतात आणि वाट कायमची बंद होते. साधा साबण, मऊ ब्रश आणि आतल्या बाजूने बाहेर येणारं पाणी पुरे.

मग होज. दोन्ही टोकांचे होज काढून आत बोट फिरवा. तेलाचा पातळ थर लागला तर घाबरू नका, क्रँककेसच्या वाफेतून तेवढं तेल येतंच. तेल थेंबाने गळत असेल किंवा इंटरकूलरच्या तळाशी साचलं असेल, तर टर्बोचं सील किंवा ब्रीदर (क्रँककेसची वाफ सोडणारी नळी) आधी दाखवा. ज्या गाड्यांत तारेच्या क्लिपने बसणारे होज असतात, त्यांतली ओ-रिंग कडक होऊन हवा सोडते. ती बदलायला अगदी थोडे पैसे लागतात.

शेवटी गळतीची परीक्षा. इंटरकूलरच्या मार्गाचं टर्बोकडचं आणि थ्रॉटलकडचं (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडचं), अशी दोन्ही टोकं बंद करा. प्लंबिंगच्या दुकानातलं पीव्हीसीचं टोपण आणि त्यात बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह हे साधन चालतं. रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू १५ पीएसआयपर्यंत हवा भरा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. हवा बंद केल्यावर मिनिटभरात काटा डोळ्यांना दिसण्याइतका उतरला, तर गळती आहे.

सावध: हवा भरलेली असताना टोपणासमोर उभं राहू नका. सैल क्लँपमधून ते गोळीसारखं सुटतं. दोन्ही टोपणांना दोरीने बांधून ठेवा.

तपासणी: जाळी स्वच्छ, होज धड, गळती शून्य. आता गाडी जोडून आठवडाभर चालवा. ओढ परत आली असेल तर तुमचं काम संपलं आणि पैसेही वाचले.

टप्पा ३: आकडे नोंदवा

गाडी गरम झाल्यावर मंदावते, या भावनेवर खरेदी करू नका. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी डोंगल आणि फोनवरचं ॲप यांवर गरजेचं सगळं दिसतं. फक्त चारच आकडे निवडा: इनटेक हवेचं तापमान, मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनचे फेरे आणि कूलंटचं तापमान. स्वस्त डोंगल हळू असतो. त्याच्याकडून एकदम दहा-बारा आकडे मागितले तर प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि घाटातला सर्वांत वरचा आकडा निसटतो.

सर्वांत मोठी फसगत सेन्सरच्या जागेची. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, ॲपवर दिसणारं इनटेक तापमान हे एअर फिल्टरनंतरच्या, म्हणजे टर्बोच्या आधीच्या सेन्सरचं असतं. त्याला इंटरकूलरचा काहीच पत्ता नसतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: जोर लावल्यावर दाब वाढला तरी तापमान जागचं हलत नसेल, तर तो टर्बोआधीचा सेन्सर. अशा वेळी ॲपमध्ये चार्ज एअर कूलर टेंपरेचर नावाचा वेगळा आकडा मिळतो का बघा. तोही मिळत नसेल, तर इंटरकूलरच्या हवा बाहेर पडण्याच्या बाजूच्या टाकीला (कोअरच्या दोन्ही टोकांच्या पोकळ डब्यांना टाकी म्हणतात) बाहेरून चिकटवलेला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आणि साधा डिजिटल मीटर वापरा. तो खरं तापमान उशिरा आणि थोडं कमी दाखवेल, पण आधी-नंतरची तुलना करायला पुरतो.

दाबाचा आकडा निरपेक्ष असतो. समुद्रसपाटीला, म्हणजे पणजी-मडगावात, इंजिन बंद आणि चावी चालू ठेवली तर तो १०१ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा. बूस्ट म्हणजे त्याच्या वरचा भाग. २०० दिसले तर साधारण १ बार बूस्ट.

आता नोंद घ्यायची कुठे? साखळीहून केरीमार्गे चढणारा चोर्ला घाट किंवा मोलेहून चढणारा अनमोड घाट, कारण तिथे इंजिनवर सलग ताण राहतो. फोन सोबतच्या माणसाच्या हातात हवा, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर. वेगमर्यादेतच, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वळण नसलेल्या चढावर अंतराअंतराने तीनदा जोर लावा. एसी चालूच ठेवा, तुम्ही रोज तशीच चालवता. प्रत्येक वेळी सुरुवातीचं तापमान, सर्वांत वरचं तापमान आणि परत खाली यायला लागलेला वेळ लिहून ठेवा. दुसरी नोंद शहरातली: झुवारी पूल ते वेर्णा किंवा म्हापसा ते पणजी या वाटेवरच्या कोंडीत दहा मिनिटं रांगत गेल्यावर रस्ता मोकळा झाला की जोर लावून बघा.

नुसतं तापमान पाहू नका, बाहेरच्या हवेपेक्षा ते किती जास्त आहे ते बघा. चोर्ल्याच्या माथ्यावर हवा खालच्यापेक्षा काही अंशांनी थंड असते, त्यामुळे कच्चे आकडे दिशाभूल करतात. माझा ठोकताळा असा: सलग चढावर बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंश जास्त असेल तर कंपनीचा इंटरकूलर त्याचं काम नीट करतोय. तिसऱ्या जोराला फरक ३० अंशांच्या वर गेला आणि खाली यायला मिनिटभराहून जास्त लागलं, तर मोठ्या कोअरचा विचार करण्यात अर्थ आहे. मधल्या आकड्यांना हवेची वाट मोकळी करणं, म्हणजे टप्पा ८ मधली फोम आणि पत्र्याची कामं, आधी करून बघा.

हे आकडे कुठून येतात ते समजून घेतलं की दुकानदाराची बडबड आपोआप गळून पडते. ३३ अंशांची हवा १ बार बूस्टला दाबली की बऱ्यापैकी चांगल्या टर्बोतूनसुद्धा ती १२५-१३० अंशांना बाहेर पडते. इंटरकूलरनंतर ती ५८ अंश असेल, तर १२८ वरून ७० अंश उतरले. जास्तीत जास्त ९५ उतरू शकले असते, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ७४ टक्के. आता हवा ६० ऐवजी ४५ अंशांना मिळाली, तर तिची घनता जवळपास ५ टक्क्यांनी वाढते. फायदा एवढाच असतो. पेट्रोल गाडीत यापेक्षा मोठा लाभ असा, की गरम हवेमुळे होणारं नॉकिंग (इंधन आपोआप पेटून इंजिन ठोकणं) टळतं आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, इग्निशन मागे खेचावं लागत नाही. त्यामुळे पहिल्या जोराला असलेली ताकद तिसऱ्यालाही राहते. तुम्हाला विकत घ्यायचाय तो हा टिकाव. नुसता कोअर बदलून गाडी एकदम जोरकस होईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

टप्पा ४: जागा मोजा, पुठ्ठा कापा

टेपने घेतलेली लांबी-रुंदी पुरत नाही. बंपर काढलेल्या गाडीसमोर फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन बसा आणि कोअरच्या आकाराचा तुकडा कापून क्रॅश बारच्या खाली किंवा मागे उभा करा. त्याला दोन्ही बाजूंना टाक्यांचे तुकडे चिकटवा, पाइपची तोंडं काढा, जाडीसाठी थर्माकोल लावा. मग बॉनेट बंद करून बघा. बॉनेटचं कुलूप, हॉर्न, वॉशरच्या पाण्याची टाकी, फॉग लँपची मागची बाजू आणि टो हुकची जागा हे पाच अडथळे पुठ्ठा लगेच दाखवतो, टेप दाखवत नाही. शेवटी बंपर हाताने जागेवर धरून आत कुठे टेकतोय का ते बघा.

मोजताना या गोष्टी लिहून घ्या:

१. एसी कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी पुढची जाळी) आणि कोअर यांच्यात निदान १०-१५ मिलिमीटर मोकळी जागा. इंजिन हलतं, कोअर हलतो. घासलं तर कंडेन्सर फुटतो आणि गॅस जातो.

२. बंपरच्या खालच्या ग्रिलची उंची. कोअरचा जो भाग बंद प्लास्टिकच्या मागे जातो तिथे वारा पोचत नाही, तेवढा कोअर फुकट.

३. जमिनीपासूनचं अंतर. कोअर कंपनीच्या सर्वांत खालच्या पत्र्याच्या खाली उतरता कामा नये. गावाकडच्या स्पीडब्रेकरवर आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत पहिला फटका त्यालाच बसतो.

४. टर्बोकडच्या आणि थ्रॉटलकडच्या होजचा बाहेरचा आणि आतला व्यास, व्हर्नियरने.

थांबा: पुठ्ठा बसवायला क्रॅश बार कापावा लागत असेल, तर कोअर लहान घ्या. अपघातात पुढचा मार झेलणारा भाग तोच आहे. यावर कुठल्याही गॅरेजची हमी ऐकू नका.

टप्पा ५: कोअर निवडा

पहिली पसंती कंपनीच्याच मोठ्या भावंडाला. तुमच्याच मॉडेलच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचा इंटरकूलर मोठा असेल आणि त्याचे माउंट जुळत असतील, तर त्यासारखा स्वस्त आणि निर्धोक मार्ग नाही. सेन्सरची जागा, क्लिप, टाकीचा आकार, सगळं जुळतं. जुन्या बाजारातून, कुर्ल्यातून किंवा बेळगाव-कोल्हापूरच्या भंगारातून घेताना एकच प्रश्न विचारा: टर्बो गेलेल्या गाडीतून काढलाय का? फुटलेल्या टर्बोची धातूची कीस जाळीत अडकून राहते आणि नंतर तुमच्या इंजिनात जाते. आत पेट्रोल किंवा डिझेल घालून हलवा आणि पांढऱ्या फडक्यावर गाळा. चकाकणारे कण दिसले तर तो परत करा.

असं भावंड नसेल तर बाजारातला सर्वसाधारण कोअर. त्यात दोन बांधण्या मिळतात. नळी-पत्त्याचा कोअर हलका असतो, त्यातून वारा सहज आरपार जातो आणि कोंडीतून सुटल्यावर तो पटकन गार होतो. बार-अँड-प्लेट जड आणि दणकट, दगडाचा मार सोसतो. छोट्या जोराची उष्णता तो पोटात घेतो, पण एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो. शिवाय दाट जाळीचा असला तर मागच्या कंडेन्सरची आणि रेडिएटरची हवा अडवतो. गोव्यात एसी वर्षभर चालतो आणि कोंडी रोजची, म्हणून मी नळी-पत्त्याकडे झुकतो. रोज खाणीच्या ट्रकांमागून जाणाऱ्याने मात्र विरळ जाळीचा बार-अँड-प्लेट घ्यावा.

आकाराबद्दल. वाऱ्याला समोर दिसणारं क्षेत्रफळ जाडीपेक्षा महत्त्वाचं. वारा पुढच्या थरातून जातानाच तापतो, मग मागच्या थराला तो काय गार करणार? ५५० × १८० × ६५ मिलिमीटर किंवा जागा असेल तर ५५० × २३० × ६५ हा कोअर १०० ते १५० अश्वशक्तीच्या गाडीला पुरून उरतो. ६०० × ३०० × ७६ चा कोअर दिसायला भारी दिसतो, पण त्याचं आकारमान पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. तेवढी पोकळी प्रत्येक वेळी टर्बोला भरावी लागते आणि लहान इंजिनाची ओढ मागे पडते.

अतिमोठ्या कोअरचा आणखी एक तोटा आपल्या पावसाळ्यात दिसतो आणि तो फार थोडे लोक सांगतात. आर्द्र हवा दाबली की तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं तो, वर चढतो. बाहेर दवबिंदू २५ अंश असेल, तर दाब दुप्पट झाल्यावर तो ३७ अंशांजवळ जातो. पावसाने भिजलेला भलामोठा कोअर आतली हवा त्याच्याही खाली नेतो, मग आतल्या बाजूला पाणी सुटतं, तळाच्या टाकीत साचतं आणि ओव्हरटेक करताना एकदम इंजिनात ओढलं जातं. गाडी झटके देते, मिसफायर होतो. यावर उपाय म्हणून टाकीला भोक पाडू नका, बूस्ट तिथूनच गळतो. गरजेपुरताच कोअर घेणं हा खरा उपाय.

दाबाची घट विचारा. कोअरमधून जाताना १ पीएसआयपर्यंत दाब गेला तर ठीक, दीडपर्यंत सोसता येतो. २ पीएसआय गेले, तर १ बार बूस्टच्या गाडीत जवळपास ७ टक्के दाब वाया गेला, म्हणजे गारव्याने मिळालेली घनता वजा होऊन उलट तोटाच. आधुनिक ईसीयू ही तूट भरायला टर्बोला जास्त फिरवतो, मग हवा आणखी तापते. विक्रेता हा आकडा देत नसेल तर आत भिंगाने बघा: नळ्यांमधल्या पत्त्या फार दाट असतील तर सोडून द्या.

टाक्या ओतीव किंवा वेल्ड केलेल्या, दोन्ही चालतात. तोंडाला उंचवटा हवाच, नाहीतर बूस्टच्या दाबाने होज सुटतो. तोंडाचा व्यास ५० ते ५७ मिलिमीटर पुरेसा आहे, १ लिटरच्या इंजिनाला ७६ चे पाइप नकोत. तुमच्या मूळ इंटरकूलरच्या टाकीवर दाबाचा सेन्सर बसलेला असेल, तर नव्या टाकीवर त्याच बाजूला, म्हणजे थ्रॉटलकडच्या टोकाला, त्याची बैठक असलीच पाहिजे. ती नसेल तर आरगॉन वेल्डिंगवाल्याकडून बसवून घ्यावी लागेल, तो खर्च आताच धरा.

सावध: जाहिरातीतलं माप बहुतेक वेळा नुसत्या कोअरचं असतं. टाक्या आणि तोंडं धरून एकूण लांबी दीड-दोनशे मिलिमीटरने वाढते. पुठ्ठ्याची तुलना एकूण लांबीशी करा.

टप्पा ६: पैशांची वाटणी

एकूण रकमेतले निम्मेच कोअरला ठेवा. उरलेले होज, क्लँप, ब्रॅकेट, वेल्डिंग आणि मजुरीला लागतात. कोअरवर सगळे घालवून साध्या स्क्रूच्या क्लँपवर भागवणारे लोक महिन्याभरात गळती शोधत फिरतात. होज चार पदरी सिलिकॉनचे घ्या. आतून तेल येत असेल तर फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेले, कारण साधं सिलिकॉन तेलाने मऊ पडतं. क्लँप टी-बोल्टचे, स्टेनलेसचे.

टप्पा ७: माल हातात आल्यावर

बसवण्याआधी टप्पा २ मधली हवेची परीक्षा कोअर पाण्याच्या टबात बुडवून करा, बुडबुडे सुटले तर परत पाठवा. नवीन कोअरमध्येही वेल्डिंगचे मणी आणि ॲल्युमिनियमचा चुरा असतो. गरम साबणपाण्याने आतून दोन-तीनदा धुवा, हवा मारा, पूर्ण सुकू द्या. धुतलेलं शेवटचं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळा. कण दिसायचे थांबेपर्यंत धुणं चालू ठेवा.

टप्पा ८: बसवणी, याच क्रमाने

१. इंजिन पूर्ण गार. बॅटरी सोडलेली. एसीच्या पाइपला हात नाही.

२. कोअर रबरी बुशवर टांगा, ब्रॅकेटला ताठ बोल्ट करू नका. ताठ बसवलेला कोअर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी वेल्डजवळ तडकतो.

३. स्टीलचं ब्रॅकेट ॲल्युमिनियमला थेट टेकवू नका. खाऱ्या हवेत त्या सांध्यावर पांढरी भुकटी येते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मधे रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला, बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावा.

४. पाइप सगळे सैल जोडा, हाताने फिरवून कुठे टेकतायत ते बघा, मगच क्लँप आवळा. क्लँप उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, त्याच्यावर नाही.

५. कोअर आणि बंपरच्या ग्रिलमधली कडेची मोकळी फट फोमच्या पट्टीने आणि पत्र्याने बंद करा, कोअरसमोरची वाट नाही. वारा सोप्या वाटेने कोअरला वळसा घालून निघून जातो. बहुतेक गॅरेजेस हे काम सोडून देतात, आणि खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक याच कामाने पडतो.

६. कंपनीचं खालचं प्लास्टिकचं आवरण परत लावा. ते काढून टाकलं की रेडिएटरमागचा हवेचा ओढा बिघडतो आणि पावसाळ्यात चिखल थेट बेल्टवर उडतो.

तपासणी: बंपर लावण्याआधी पुन्हा १५ पीएसआयची परीक्षा. मग इंजिन चालू करून इंजिनचा दिवा लागत नाही ना ते बघा.

टप्पा ९: पुन्हा तीच नोंद

शंभरेक किलोमीटर सौम्य चालवून क्लँप एकदा पुन्हा आवळा. मग टप्पा ३ मधलाच घाट, तोच गिअर, तोच एसी आणि शक्यतो तशीच हवा. तीन गोष्टी ताडून बघा. तिसऱ्या जोराला फरक किती कमी झाला? बूस्ट पूर्वीइतक्याच फेऱ्यांवर येतो का? आणि कोंडीत कूलंटचं तापमान व एसीचा गारवा पूर्वीसारखाच आहे का?

तापमान उतरलं पण बूस्ट उशिरा येतो, तर गळती किंवा जादा पोकळी. बूस्ट ठीक पण एसी मंदावला, तर कोअर कंडेन्सरची हवा अडवतोय. कडेच्या फटी फोमने बंद करा आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतो का ते बघा. दोन्ही करूनही फरक पडला नाही तर लहान कोअर लावण्याशिवाय गत्यंतर नाही. आकड्यांत काहीच हललं नाही, तर सेन्सर टर्बोआधीचा आहे का ते परत तपासा. रिमॅप करायचाच असेल तर तो या नोंदींनंतर. ट्यूनरला हे आकडे दाखवा, त्याच्या कामाचे आहेत.

टप्पा १०: पावसाळा आणि खारी हवा

मेअखेर, पहिल्या पावसाआधी, बंपर न काढता ग्रिलमधून पाण्याची हलकी धार मारा. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्यालगत गाडी रोज उभी राहत असेल, तर साध्या पाण्याने जाळी आठवड्याला धुवा. मीठ पत्त्यांच्या मुळाशी बसून त्यांना खातं. कोअरला जाड रंग देऊ नका, रंगाचा थर उष्णता अडवतो. काळं ॲनोडाइझिंग किंवा विक्रेत्यानेच दिलेला पातळ थर चालतो.

पाणी साचलेल्या रस्त्यात खालच्या ग्रिलपर्यंत पाणी येत असेल तर गाडी घालू नका. तिथे एखादा होज सैल असेल तर बूस्ट नसताना पाणी आत ओढलं जाऊ शकतं, आणि पाण्याने भरलेल्या सिलिंडरचा रॉड वाकतो. गणपतीच्या सुमारास क्लँप एकदा, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा तपासा. पावसानंतरच्या तपासणीत सर्वांत खालचा होज काढून टाकीत पाणी किंवा तेल साचलंय का ते बघा. टाकीत साचणारं तेल दरवर्षी वाढत असेल तर टर्बो दाखवा.